रक्तपिशाच, मुक्काम पोस्ट मेढा

रक्तपिशाचाच्या वास्तव्यासाठी भयपटांच्या निर्मात्यांनी गेल्या शंभर वर्षांत ज्या भौगोलिक अटी ठरवून दिल्या आहेत, त्या एकत्र मांडल्या तर डोंगराळ मुलूख, नागमोडी घाट, वर्षातले निदान चार महिने न हटणारे धुके, रानात ओस पडलेला किल्ला, परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेले बंगले, एखादे जुने चर्च आणि जवळच दफनभूमी अशी यादी तयार होते. आणि ही यादी हातात घेऊन कोणी सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडला, तर त्याचे बोट फार न भटकता जावळी तालुक्यावर आणि त्याच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरावर येऊन थांबते. जावळीचे मुख्य ठिकाण असलेले मेढा हे गाव साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर, वेण्णा नदीच्या काठी वसलेले आहे. वर इंग्रजांच्या अमदानीतले बंगले आणि चर्च आहे, पलीकडे कोयनेच्या रानात एके काळी कैदी ठेवण्यासाठी वापरला जाणारा वासोटा आहे, आणि धुक्याचे म्हणाल तर ते जून ते सप्टेंबर फुकट मिळते. एवढी सगळी सोय असूनही या तालुक्यात रक्तपिशाच स्थायिक झाल्याची नोंद नाही. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया या डोंगरी प्रांतात त्याचे जे जमले ते जावळीच्या खोऱ्यात का जमले नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे योग्य ठरेल. ‘व्हॅम्पायर’ या शब्दासाठी मराठीत ‘रक्तपिशाच’ आणि ‘रक्तपिपासू’ असे दोन शब्द वापरले जातात, पैकी दुसरा शब्द अग्रलेखांतून इतका झिजला आहे की तो वाचून सुळे आठवण्याऐवजी निवडणूक आठवते. व्हॅम्पायरचे मुख्य लक्षण असे की तो मेलेला असतो, पण त्याच्या मरणाचे काम पुरते झालेले नसते. ही कल्पना युरोपीय वाचकाला समजावून देण्यासाठी तिकडच्या पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. मराठी वाचकाला मात्र सातबारा पुरतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा जमिनीचा उतारा. त्यावर दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्या पणजोबांचे नाव, वारसनोंद न झाल्यामुळे, कायम असते. जमिनीवरचा त्यांचा हक्क सुटलेला नसतो, त्यांच्यावाचून व्यवहार पुढे सरकत नाही, आणि त्यांच्यापायी चार जिवंत चुलतभावांचे रक्त आटत राहते. जिवंत नाही आणि धड मेलेलाही नाही अशा इसमाची ओळख करून घेण्यासाठी या मुलखाला परदेशी कादंबरीची वाट पाहावी लागली नव्हती.

ती परदेशी कादंबरी म्हणजे १८९७ साली प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅक्युला’. तिचा लेखक ब्रॅम स्टोकर हा आयरिश गृहस्थ लंडनमधल्या एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता आणि ज्या ट्रान्सिल्व्हेनियाचे त्याने इतके रोमांचक वर्णन केले तिथे तो आयुष्यात एकदाही गेला नव्हता. कादंबरीच्या आरंभी नायक जोनाथन हार्कर प्रवासात कोंबडीचा एक तिखट प्रकार खातो, त्याने त्याला रात्रभर तहान लागते, आणि तरीही ती पाककृती होणाऱ्या बायकोसाठी मिळवायची अशी नोंद तो रोजनिशीत करतो. यावरून हार्करच्या जिभेची सातारा-सांगलीच्या रश्श्याशी गाठ पडली नव्हती एवढे निश्चित सांगता येते. स्टोकरने काउंट ड्रॅक्युलाला, म्हणजे ड्रॅक्युला नावाच्या सरदाराला, काही नियम घालून दिले: त्याचे आरशात प्रतिबिंब पडत नाही, घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, त्याला लसूण सोसत नाही, आणि मायभूमीच्या मातीखेरीज त्याला झोप लागत नाही, म्हणून तो मातीने भरलेल्या पन्नास पेट्या जहाजाने इंग्लंडला नेतो. सूर्यप्रकाशाने तो मरतो असे मात्र स्टोकरने कुठेही म्हटलेले नाही. कादंबरीतला काउंट लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा हिंडतो.

उन्हाने मरण्याचा नियम सिनेमाने केला. १९२२ साली जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याने ‘नोस्फेराटू’ हा मूकपट काढला, त्यात काउंटचे नाव बदलून ऑरलॉक ठेवले आणि शेवटी कोवळ्या उन्हात त्याला विरघळवून टाकले. कथा न विचारता उचलली होती, नाव बदलल्याने ती लपली नाही, आणि स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हिने दावा लावला. निर्मितीसंस्थेचे दिवाळे वाजलेले असल्यामुळे भरपाई मिळण्याची आशा उरली नाही, तेव्हा १९२५ साली न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती तरीही वाचल्या आणि चित्रपट पुन्हा उठून बसला. मरणाचा हुकूम निघूनही न मरणारा रक्तपिशाच पडद्यावर पुष्कळांनी दाखवला आहे, पण हे काम चित्रपटाने स्वतःच करून दाखवल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण सापडणे कठीण.

पुढच्या दशकांत काउंटच्या स्वभावात जे फरक पडले ते थोडक्यात सांगता येतील. १९३१ च्या अमेरिकन ‘ड्रॅक्युला’त बेला लुगोसी या हंगेरियन नटाने त्याला संथ बोलणे आणि संध्याकाळचा उंची पोशाख दिला, सुळे मात्र दाखवले नाहीत, त्याच सेटवर दिवसा इंग्रजी आणि रात्री स्पॅनिश अशा दोन तुकड्या दोन निराळे चित्रपट काढत होत्या, म्हणजे साखर कारखान्याच्या हंगामासारखे काउंटचे काम पाळ्यांमध्ये चालले होते. या चित्रपटात ट्रान्सिल्व्हेनियाच्या गढीच्या तळघरात आर्मडिलो, म्हणजे खवले मांजराची आठवण करून देणारा अमेरिका खंडातला कवचधारी प्राणी, निवांत फिरताना दिसतो. तो तिथे कसा पोचला याचा खुलासा चित्रपटात नाही. १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीने रंगीत चित्रपट काढला, त्यात क्रिस्टोफर ली याचे सुळे दिसले, डोळे लाल झाले आणि रक्ताला प्रथमच रक्ताचा रंग लाभला. १९६६ च्या पुढच्या भागात लीच्या वाट्याला एकही वाक्य नव्हते, तो केवळ फुत्कार टाकत होता. थोडक्यात, दशकागणिक काउंटचे बोलणे कमी आणि पिणे जास्त होत गेले, आणि या लक्षणावरून मराठी वाचक त्याचे निदान काय करतील हे सांगण्याची गरज नाही.

मराठी प्रेक्षकाला मात्र भीतीचा पहिला पाठ सिनेमाने दिलेला नाही. तो सांगलीत १८४३ साली दिला गेला. विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि त्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत राक्षसांचा प्रवेश ही मोठी पर्वणी ठरली. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी आपटत, राळेचा भडका उडवून रंगमंचावर येई. राळ म्हणजे झाडाचा चीक वाळवून केलेली पूड, ती पेटत्या मशालीवर फेकली की क्षणभर सगळे लखलखून उठते. त्या आरोळीवरूनच पुढे या नाटकांना ‘अलल्डुर्र’ असे नाव पडले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की राक्षस येणार हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असे, तो कुठून येणार हेही ठाऊक असे, आणि तरी तो दचके. दचकल्यावर शेजाऱ्याकडे पाहून हसे. भीती आणि हसू यांची ही सांगली घराण्याची जुगलबंदी पुढे मराठी भयपटाच्या हाडीमाशी खिळली.

जर्मन सावल्याही मराठी मुलखात लवकरच आल्या. व्ही. शांताराम १९३३ च्या सुमारास जर्मनीत राहून आले, आणि प्रभात कंपनीने पुण्याच्या नव्या स्टुडिओत काढलेल्या पहिल्याच चित्रपटात, म्हणजे १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये, बळी देण्याचा आग्रह धरणाऱ्या राजगुरूचा एकच डोळा त्यांनी पडदाभर दाखवला. नंतर १९४९ साली मुंबईत ‘महल’ आला, त्याचे छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मनानेच केले होते, आणि झोपाळ्यावरची मधुबाला पाहून देशातल्या पुष्कळ सज्जनांना ओसाड हवेलीत राहायला जावेसे वाटू लागले. ‘बीस साल बाद’ आणि ‘वह कौन थी’ यांच्यापर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, ही रीत टिकली, आणि या रीतीतल्या भुताचा एक मोठा दोष असा की शेवटच्या रिळात ते भूत नसतेच. पांढरी साडी, मेणबत्ती आणि दूरवरचे गाणे हा सगळा कोणीतरी रचलेला बनाव असतो, आणि ‘वह कौन थी’त तर तो मिळकतीवर डोळा ठेवून रचलेला असतो. ज्या जिल्ह्यात भाऊबंदकीचे दावे आजोबांकडून नातवाकडे वारशाने जातात, त्या जिल्ह्याला या खुलाशाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. उलट एवढा खर्च करण्यापेक्षा बनाव रचणाऱ्यांनी तलाठ्याला गाठायला हवे होते, असा व्यवहारी अभिप्राय अधिक संभवतो.

खरे, हाडामांसाचे, किंवा निदान रबराचे, भूत महाबळेश्वरास नेण्याचे श्रेय रामसे कुटुंबाकडे जाते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या एफ. यू. रामसे यांनी १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला, तो पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रसंग पाहण्यास लोक जातात, असे त्यांच्या मुलांच्या नजरेस आले. पडलेल्या चित्रपटातला चाललेला तुकडा कोणता हे ओळखण्याची ही दृष्टी ज्यांना असते त्यांना उद्योजक म्हणतात. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळा चमू बसमध्ये भरून महाबळेश्वरास आणला गेला, मुक्काम सरकारी विश्रामगृहात पडला, घरच्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला, आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत आणि चाळीस दिवसांत चित्रपट उरकला. कुमार पटकथा लिहीत, गंगू कॅमेरा हाताळत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, आणि केशू निर्मितीची बाजू बघत. सात सख्खे भाऊ एका छपराखाली चाळीस दिवस राहिले, एका धंद्यात राबले आणि त्यांनी एकमेकांवर दावा लावला नाही, ही त्या चित्रपटासंबंधीची सर्वांत अतींद्रिय घटना मानावी लागेल.

महाबळेश्वराची निवड अर्थशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तिथे गोऱ्या लोकांसाठी हवा खाण्याचे ठिकाण वसवले, त्यामुळे इंग्रजी भयकथेला लागणारे सगळे नेपथ्य, म्हणजे उतरती छपरे, शेकोटीची खोली, लाकडी जिना आणि दगडी क्रूस, रामसे बंधूंना दीडशे वर्षे आधी उभारून ठेवलेले मिळाले. तक्रारीला जागा असेल तर ती मेढ्याला आहे. पुण्या-मुंबईची मंडळी महाबळेश्वरास वाईहून पसरणीच्या घाटाने, नाहीतर पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाने चढतात. केळघर घाट सातारकरांच्या, भाताच्या पोत्यांच्या आणि एसटीच्या वाट्याला येतो. परिणामी स्ट्रॉबेरी, चिक्की, मधुचंद्राची जोडपी आणि भुते ही चारही उत्पन्नाची साधने मेढ्याला वळसा घालून जातात. रामसे कुटुंबाच्या आठवणींतून सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की १९८३ च्या सुमारास श्याम रामसे महाबळेश्वराचे चित्रीकरण आटोपून रात्री एकटेच मोटार हाकत मुंबईस निघाले असता एका सुंदर बाईने त्यांच्याकडे लिफ्ट मागितली, ती गाडीत बसली, आणि काही वेळाने तिची पावले उलटी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९८८ चा ‘वीराना’ या अनुभवातून सुचला असे म्हणतात. म्हणजे त्या बाईने भाड्यापोटी एक सबंध पटकथा दिली. मुंबईची वाट असल्यामुळे हा प्रवासही केळघरवरून झाला नसणार हे उघड आहे. उलट्या पावलांची हडळ, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत, जावळीच्या रानाला नवी नाही, पण तिलाही लिफ्ट मागायला दुसऱ्या घाटात जावे लागले.

हे चित्रपट मेढ्यासारख्या गावांपर्यंत दोन वाटांनी पोचले. पहिली वाट चाकरमान्यांची. जावळी खोऱ्यातली पुष्कळ घरे मुंबईच्या माथाडी कामावर, म्हणजे बाजारपेठांतल्या ओझी वाहण्याच्या कामावर, उभी आहेत, आणि यात्रेला किंवा गणपतीला गावी आलेला चाकरमानी परळ-लालबागच्या थिएटरात पाहिलेला ‘पुराना मंदिर’ पारावर बसून सांगू लागला की मूळ चित्रपट फिका पडे. १९८४ च्या या चित्रपटातला सामरी नावाचा राक्षस अनिरुद्ध अग्रवाल या शिक्षणाने इंजिनीअर असलेल्या उंचपुऱ्या गृहस्थाने केला होता. पारावरच्या कथनात त्याची उंची श्रोत्यांच्या संख्येनुसार वाढत असे. या चित्रपटातल्या विनोदी उपकथानकाच्या नायकाचे, म्हणजे जगदीप यांच्या पात्राचे, नाव मच्छर होते, आणि रक्त पिणाऱ्याचे नाव विनोदी नटाला द्यावे यात भारतीय भयपटाचे सगळे तत्त्वज्ञान आले आहे.

दुसरी वाट तंबूची. टुरिंग टॉकीज, म्हणजे ट्रकवर प्रोजेक्टर, पडदा आणि कनात लादून यात्रेमागून यात्रा हिंडणारे फिरते चित्रपटगृह, ही महाराष्ट्राच्या जत्रांची खास संस्था आहे, आणि २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने तिचे शेवटचे दिवस नोंदवून ठेवले आहेत. सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मार्गशीर्षाच्या थंडीत असे तंबू लागत. भयपटासाठी याहून अनुकूल जागा कोणत्याही वास्तुविशारदाला योजता आली नसती. माणदेशाकडून येणारा वारा पडद्यात शिरला की सामरीचा गाल आपोआप फुगे आणि बसे. प्रेक्षक जमिनीवर घोंगड्या पांघरून बसलेले असत, त्यांतल्या मागच्या रांगेच्या पाठीला कनातीखालून आत घुसलेल्या कुत्र्याचे ओले नाक नेमके दरवाजा करकरण्याच्या क्षणी लागे. शेंगांची टरफले पायाखाली चुरचुरत. आणि रीळ तुटून पडदा पांढरा पडला की एवढा वेळ जीव मुठीत धरून बसलेला समुदाय शिट्ट्या मारून ऑपरेटरच्या घराण्याची चौकशी करू लागे. भीतीला एकांत लागतो असे पाश्चात्त्य टीकाकार म्हणतात. तंबूत एकांत सोडून बाकी सगळे होते.

एकांताच्या या तुटवड्यामुळेच काउंटची जावळीतली मोहीम फसते असे दिसते. त्याच्या नियमांची स्थानिक परिस्थितीत एकेक करून परीक्षा घेता येईल. बोलावल्याखेरीज आत येता येत नाही हा पहिला नियम इथे अडचणीचा नसून उलट घातक आहे, कारण मेढ्याच्या कोणत्याही दारात क्षणभर थबकलेल्या माणसाला ‘या पाव्हणं, बसा’ हे शब्द ऐकू येतातच; परंतु त्यापाठोपाठ पाण्याचा तांब्या, आणि तांब्यापाठोपाठ ‘गाव कंचं? कुणाकडं आलाय? आडनाव काय म्हणालात?’ ही प्रश्नमालिका सुरू होते. काउंट म्हणजे सरदार असे त्याने सांगितले की तो कोणत्या पाटलांचा पाहुणा लागतो याचा शोध सुरू होऊन, पहाटे कोंबडा आरवेपर्यंत तो कोणाचा तरी चुलतमावसमामा ठरतो, आणि स्वतःच्या नातेवाइकाच्या मानेला तोंड लावणे सरंजामदारालाही अवघड जाते. मातीच्या पन्नास पेट्यांचा दुसरा प्रश्न एसटीच्या टपावर चढण्यापूर्वीच निकालात निघतो, कारण कंडक्टर प्रत्येक पेटीला लगेजाचे तिकीट फाडतो आणि सुटे पैसे मागतो. तिसरी अडचण दहनाची. रक्तपिशाचाला शवपेटीतून उठावे लागते. ज्या गावात बहुतेक प्रेते जाळतात तिथे उठायला शिल्लक राहते ती राख, आणि तिसऱ्या दिवशी तीही सावडून नदीत सोडतात.

चौथा नियम लसणीचा, आणि इथे काउंटचा पुरता पराभव होतो. कादंबरीतला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग लसणीची फुले हॉलंडमधल्या हारलेम गावाहून मागवतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात अशी मागणी नोंदवण्याची आवश्यकता नाही, कारण इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात वर्षभराचा कांदा-लसूण मसाला बरणीत भरलेला असतो. चैत्र-वैशाखात गावाच्या डंकावर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कांडपयंत्रावर, एकदा उभे राहिले की बाकी पुरावा लागत नाही: ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे देठ मोडून वाळवलेले ढीग, तेलात परतलेला कांदा, सोललेल्या लसणीची परात, लोखंडी मुसळांचा धडधडाट, भिंतींवर, डंकवाल्याच्या भुवयांवर आणि विजेच्या बटणांवर बसलेली लाल धूळ, आणि पदराने नाक बांधून रांगेत बसलेल्या, शिंका देत देत एकमेकींच्या सुनांविषयी बोलणाऱ्या बायका. या रांगेसमोरून भर दुपारी जिवंत माणूससुद्धा तोंड फिरवून जातो. चारशे वर्षे मेलेल्याने तिथे येण्याचे धाडस करू नये.

या सर्व अडचणींपेक्षा मोठी अडचण अशी की जावळीतली भुताची जागा मुळात रिकामी नव्हती. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेली लोकसमजुतींची टिपणे गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या माहितीवर आधारलेली आहेत, आणि मास्तरांनी पोरांप्रमाणेच भुतांचीही हजेरी चोख घेतली होती: मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला पिंपळावरचा मुंजा, गाडलेल्या धनाला चिकटून राहिलेला ब्रह्मसमंध, वाटसरूला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, आणि या सर्वांचा राजा वेताळ. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला त्याने व्हॅम्पायर म्हटले, आणि हा वेताळावर धडधडीत अन्याय होता. वेताळ रक्त मागत नाही, तो उत्तर मागतो, म्हणजे त्याची जात पिशाचाची कमी आणि परीक्षकाची जास्त आहे. बाकीच्या भुतांच्याही मागण्या माफक असतात: दहीभात, नारळ, लिंबू, फार तर एक कोंबडी. ते तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवून येणे याला उतारा म्हणतात. जमिनीच्या कागदाला आणि भुताच्या नैवेद्याला मराठीने एकच शब्द वापरावा यामागे व्युत्पत्ती काहीही असो, अनुभव एकच आहे: मेलेल्याचा हक्क मान्य केल्याखेरीज जिवंताची सुटका नाही.

या तडजोडीच्या वातावरणात खुद्द ड्रॅक्युलालाही बदलावे लागले. रामसे बंधूंचा १९९० चा ‘बंद दरवाजा’ हा त्यांच्या चित्रपटांपैकी ड्रॅक्युलाच्या सर्वांत जवळ जाणारा. पण त्यातल्या काळ्या पहाडीवरच्या सैतानाकडे निपुत्रिक ठकुराईन जाते ती मूल मागायला, आणि मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर पहाडीची, असा करार ठरतो. युरोपात रक्त पिणारा काउंट सह्याद्रीच्या छायेतल्या निर्मात्यांच्या हाती येताच नवसाला पावू लागला. मराठी चित्रपटाने पुढची पायरी गाठली. १९९३ च्या ‘झपाटलेला’त महेश कोठारे यांनी मेलेल्या गुंडाचा आत्मा रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्यात घातला, आणि तो तात्या विंचू मुलांना घाबरवण्याऐवजी त्यांच्या खेळात जाऊन बसला. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत तर २०१६ साली घरचे कर्ते अण्णा नाईक आरंभीच वारतात, आणि २०१९ साली दुसऱ्या पर्वासाठी कथाच मागे नेऊन त्यांना जिवंत करण्यात आले. सुळे, फुत्कार आणि वटवाघूळ यांना जे साधले नाही ते अण्णांनी धोतरात साधले.

साताऱ्याच्या संदर्भात आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. ज्या जिल्ह्याच्या डोंगरावर हिंदी भुतांनी पहिले धडे गिरवले, त्याच साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २०१३ साली त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पडद्यावरच्या भुताशी त्यांच्या चळवळीचा झगडा नव्हता. भुताच्या नावाने माणसे गंडवणाऱ्यांशी होता, आणि असे गंडवणारे उन्हात मरत नाहीत.

अलीकडच्या मराठी माणसांच्या भयपटांनी नेमके हेच सूत्र उचलले, म्हणून ते खरोखर घाबरवू शकले. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मधला हस्तर हा भुकेला असतो, त्याला कणकेची बाहुली दाखवून भुलवावे लागते, म्हणजे तोही उताऱ्यावर राजी आहे; चित्रपटातला भयंकर प्राणी तो नसून त्याच्या मोहरा लुटायला बापामागून मुलगा पाठवणारे घराणे आहे. विशाल फुरिया यांच्या २०१७ च्या ‘लपाछपी’त गढी नाही, धुके नाही, नुसता ऊस आहे, आणि डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या उसाच्या सरीत शिरल्यावर दहा पावलांवर माणूस दिसेनासा होतो हे सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या उसात जे लपलेले आहे ते मुली नकोशा असलेल्या घरांनीच पेरलेले आहे. आदित्य सरपोतदार यांनी आधी डोंबिवलीत झोंबी सोडले, मग २०२४ साली कोकणचा मुंजा हिंदीत नेला, आणि २०२५ च्या दिवाळीत आलेल्या ‘थामा’त रक्तपिशाचांची जी जमात दाखवली तिला वेताळ म्हटले. बर्टनने वेताळाला व्हॅम्पायर केले होते. दीडशे वर्षांनी एका मराठी दिग्दर्शकाने व्हॅम्पायरला वेताळ करून ती फिट्टंफाट केली.

एवढ्या विवेचनावरून जावळीत रक्त पिणारे कोणी नाहीच असा निष्कर्ष काढणे मात्र शास्त्रशुद्ध होणार नाही. मृगाचा पाऊस लागला की वासोट्याच्या वाटेवर आणि कोयनेच्या काठच्या रानात पानापानावर जळवा उभ्या राहतात. जळू बोलत नाही, आमंत्रणाची वाट पाहत नाही, सरदार असल्याचा आव आणत नाही, आणि चावल्याचे कळूही न देता पोट भरून घेते. अभिनयाच्या दृष्टीने ती १९६६ च्या क्रिस्टोफर लीच्या तोडीची आहे, परंतु तिला काउंटइतकी प्रसिद्धी लाभलेली नाही. गुरांमागे निघालेला तिथला गुराखी पोटरीवर चिकटलेली जळू पाहून क्रूस शोधत नाही की किंचाळत नाही. तो कमरेची चंची सोडतो, चिमूटभर तंबाखू चुना लावून तिच्यावर दाबतो, ती गळून पडेपर्यंत उरलेली चिमूट स्वतःच्या दाढेखाली धरतो आणि गुरांना हाक घालून पुढे चालू लागतो.